शेपटीचं काय झालं, मालक?

टायगर बार्ब म्हणजे दिसायला हिरो आणि वागायला टपोरी! पण ते टपोरी का होतात? आणि त्यांनी कुरतडलेल्या फिन्स परत येतात का? सोलापूरच्या उन्हाळ्यात, चार दिवसांआडच्या पाण्यात एक टँक सांभाळताना शिकलेल्या काही गोष्टी...

सोमवारची सकाळ. साडेसहा वाजलेत. आदल्या रात्री सेव्हन हिल्स की काय ते बघत दीड वाजता झोपलेलो. आणि बाबा खांदा हलवतायत.

‘‘ऊठ जरा. मोठ्याची शेपटी कुणीतरी कातरलीय.’’

मोठा म्हणजे आमचा एंजल. चांदीच्या रंगाचा, अंगावर काळे पट्टे, खाली लोंबणाऱ्या दोन लांब दोऱ्या. एकदम राजेशाही! त्याच्या जोडीला धाकटा. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले तेव्हा मी हा तीन फुटी टँक घरी आणला होता. जुळे सोलापुरातला टू बीएचके फ्लॅट, मी दिवसभर ऑफिसात, आई गेल्याला तीन वर्षं झालेली. बाबांना कुणाशी तरी बोलायला हवं होतं, आणि माणसांशी बोलण्याचा त्यांना पस्तीस वर्षांत कंटाळा आला होता. त्यामुळे माशांशी त्यांचं झकास जमलं. सकाळचा चहा टँकसमोर, दुपारचा पेपर टँकसमोर. हाताची सावली पडली की मोठा काचेपाशी यायचा.

आणि आता त्याच मोठ्याची शेपटी म्हणजे जुन्या चादरीची उसवलेली दशी झाली होती. खालच्या दोरीपैकी एक अर्धी गायब. तो कोपऱ्यात, हीटरच्या मागे, तोंड खाली करून उभा.

गुन्हेगार कोण, हे शोधायला सीआयडीची गरज नव्हती. शनिवारी संध्याकाळी मीच तीन टायगर बार्ब आणले होते. ‘टँक जरा डल वाटतोय’ म्हणून!

माझं पहिलं चुकलेलं शहाणपण

आता इथे मी जे केलं ते दहापैकी आठ जण करतात, म्हणून सांगतो. मी घाबरलो. शेपटी फाटली म्हणजे रोग, रोग म्हणजे औषध, हे गणित डोक्यात पक्कं. घरात पडलेली निळ्या औषधाची बाटली काढली आणि टँकमध्ये ओतली. पाणी आकाशासारखं निळं झालं. त्याच दिवशी नळाला पाणी आलेलं, म्हणून उत्साहात फिल्टरचा स्पंजही नळाखाली चकाचक धुतला. ‘स्वच्छता पाहिजे!’

गुरुवारी सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले. शुक्रवारी सकाळी धाकटा तळाशी आडवा होता.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी त्याला चहाच्या गाळणीनं काढलं, खालच्या गुलमोहराजवळ पुरलं आणि वर येऊन पेपर उघडला. पान मात्र अर्धा तास उलटलं नाही.

शनिवारी विजापूर रोडवरचा माझा शाळेपासूनचा दोस्त टेस्ट किट घेऊन आला. बारा वर्षं मासे पाळणारा माणूस. टँककडे बघून पहिलं वाक्य, ‘‘काय करून ठेवलास बे?’’ दुसरं वाक्य, ‘‘तीनच आणलास? येडा हैस का?’’

मला वाटलं होतं तो म्हणेल, टायगर बार्ब आणलेच कशाला. पण त्याची तक्रार वेगळी होती. मी बार्ब *कमी* आणले होते.

तिघांची गँग, दहांचा समाज

टायगर बार्ब मूळचा सुमात्रा-बोर्निओकडचा. वाढून सहा-सात सेंटिमीटरचा होतो. नारिंगी अंग, चार काळे पट्टे. घोळक्यानं राहणारा मासा. आणि घोळका म्हणजे नुसती शोभा नाही, तो त्यांचा समाज आहे. त्यात कोण वरचढ, कोण खालचा, हे रोज नव्यानं ठरत असतं. एकमेकांच्या मागे धावणं, धक्का मारणं, हलकेच चावा घेणं, हे सगळं त्या ठरवाठरवीचा भाग.

घोळक्यात दहा-बारा जण असले की ही दादागिरी सगळ्यांत वाटली जाते. आज हा पळतो, उद्या तो. कुणालाच फार लागत नाही आणि कुणालाच बाहेरच्याकडे बघायला सवड नसते. पण तिघेच असले तर? एक दादा होतो, एक त्याचा चमचा होतो आणि तिसरा सतत मार खातो. नाहीतर तिघं मिळून टँकमधला सगळ्यांत संथ, लांब फिन्सवाला पाहुणा निवडतात. आमच्याकडे तेच झालं. एंजलच्या लोंबणाऱ्या दोऱ्या म्हणजे त्यांच्या दृष्टीनं हलणारा खाऊ आणि टाइमपास, दोन्ही.

दोस्त हे समजावत होता तेव्हा बाबा पहिल्यांदा खुर्ची ओढून जवळ आले.

‘‘म्हणजे रात्रीच्या गाडीसारखं,’’ ते म्हणाले. ‘‘रिकाम्या गाडीत तीन पोरं चढली ना, की मागच्या सीटवर एकटा बसलेल्या म्हाताऱ्याला छळतात. तीच पोरं भरलेल्या गाडीत चढू देत. गप उभी राहतात.’’

दोस्त माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘बारा वर्षांत मला हे असं सांगता आलं नाही बे.’’

कुरतडण्यामागची बाकीची कारणंही याच घरातली आहेत. जागा कमी, लपायला झाडं-दगड नाहीत, खाणं अनियमित, पाणी गरम किंवा घाण. यातलं एक जरी असलं तरी शांत मासासुद्धा चिडका होतो. आणि हा अवगुण एकट्या टायगर बार्बचा नाही बरं का! सर्पे टेट्रा आणि काळा विडो टेट्राही याच टोळीतले. मार खाणारे ठरलेले : एंजल, गोरामी, नर गप्पी, फायटर आणि लांब शेपटीचे गोल्डफिश.

चावा की सड?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा. कारण उपाय त्यावर ठरतो. औषधाची बाटली उघडायच्या आधी पाच मिनिटं टँकसमोर नुसतं बसा.

चावा असेल तर फिनमधून तुकडा काढल्यासारखा दिसतो. अर्धगोल किंवा इंग्रजी व्हीसारखा. कड बऱ्यापैकी साफ असते. एका-दोघांनाच झालेलं असतं आणि थोडा वेळ बसलात तर पाठलाग करणारा रंगेहाथ सापडतो.

सड, म्हणजे फिन रॉट असेल तर कड पांढुरकी, कापसासारखी किंवा लालसर दिसते. फिन बाहेरून आत झिजत जाते, रोज थोडी कमी होते. बऱ्याचदा एकापेक्षा जास्त मासे आजारी असतात. हे बॅक्टेरियाचं काम. एरोमोनास, स्यूडोमोनास असे जीवाणू पाण्यात असतातच. निरोगी माशाला ते काही करत नाहीत. मासा जखमी झाला किंवा पाणी बिघडलं की त्यांचं फावतं.

म्हणजे साखळी अशी : आधी चावा, मग जखम, मग घाण पाणी, मग सड. आमच्या मोठ्याला सोमवारी फक्त चावा होता. तो आजारी नव्हता. मीच त्याला आजारी करायच्या मागे लागलो होतो!

कसं? टँकमध्ये माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, जो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे चांगले जीवाणू तो खाऊन आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. मी निळं औषध ओतून त्यांना दणका दिला आणि ब्लीचिंगचा वास येणाऱ्या नळाच्या पाण्यात स्पंज धुऊन उरलेल्यांना संपवलं. किटमध्ये अमोनियाची नळी पिवळी राहायला हवी होती. आमची हिरवीगार झाली. धाकटा चाव्यानं गेला नाही. तो माझ्या औषधानं गेला.

मग करायचं काय?

दोस्तानं फ्रिजवर चिकटवून दिलेली यादी अजून आहे. तशीच देतो.

*एक : वेगळं करा.* जखमीला काढायचं की मारणाऱ्याला? शक्य असेल तर मारणाऱ्याला. जखमी माशाला जाळीनं पकडणं म्हणजे आणखी ताण. आमच्या तिन्ही बार्बची रवानगी आधी एका बादलीत एअर पंप लावून झाली. दुसरा टँक नसेल तर मध्ये जाळीचं पार्टिशनही चालतं.

*दोन : पाणी बदला.* रोज किंवा एक दिवसाआड २५ ते ३० टक्के. सगळं एकदम नाही! अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत. फाटलेल्या फिनला स्वच्छ पाण्याइतकं भारी औषध नाही.

*तीन : स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा.* नळाखाली कधीच नाही.

*चार : खडे मीठ.* लिटरला एक ग्रॅम. टँकचं माप सेंटिमीटरमध्ये घ्या, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले हजार. आमचा तीन फूट बाय एक फूट बाय सव्वा फूट म्हणजे साधारण १०० लिटर, म्हणजे १०० ग्रॅम मीठ. वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात दोन-तीन वेळा थोडं थोडं घाला. मीठ उडून जात नाही, म्हणून पाणी बदललं की काढलेल्या पाण्यापुरतंच परत घाला. झाडं आणि लोचसारखे बिनखवल्यांचे मासे असतील तर हा प्रयोग वेगळ्या टँकमध्येच.

*पाच : मेडिकलमधल्या कॅप्सूल नकोत.* माणसांच्या अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकणारे महाभाग आहेत. डोस माहीत नाही, जीवाणू कुठला माहीत नाही, वर फिल्टरही मरतो. कड पांढरी होऊन सड बुडख्याकडे सरकतेय असं दिसलं तरच औषध. तेही माशांसाठी बनवलेलं, लेबलवरच्या मापानं आणि वेगळ्या टँकमध्ये.

*सहा : थोडं पण चांगलं खाऊ घाला.* दोन मिनिटांत संपेल इतकंच.

सोलापूरचं पाणी, सोलापूरचं ऊन

पुण्या-मुंबईच्या पुस्तकी सल्ल्यात एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे नळ सोडला की पाणी येतं. आपण सोलापूरकर! उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड येण्यात आपलं आयुष्य गेलंय. पण गंमत बघा. पाणी भरून ठेवायची आपली ही सवय माशांसाठी वरदान आहे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन कल्ले जाळतो आणि चांगले जीवाणूही मारतो. तेच पाणी उघड्या ड्रममध्ये एअर पंप लावून २४ तास ठेवलं तर साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरीन मिळतं. बाबांनी गॅलरीत ५० लिटरचा निळा ड्रम फक्त माशांसाठी ठेवलाय. त्यावर खडूनं लिहिलंय, ‘राखीव’.

बोअरचं पाणी वापरणार असाल तर आधी टेस्ट करा. आपल्याकडे ते बऱ्याच ठिकाणी जड असतं. गप्पी, मोलीला चालतं, पण मऊ पाण्यातल्या निऑन टेट्राला त्रास होतो.

आणि ऊन! एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकला की गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंघोळीलासुद्धा चटका देतं. ते थेट टँकमध्ये ओतू नका. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांना लिटरमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम, ३५ ला ७ च्या आसपास. त्याच वेळी गरम पाण्यात माशाचं शरीर ऑक्सिजन जास्त मागतं. म्हणजे आमदनी अठन्नी, खर्चा रुपैया! गुदमरलेला मासा चिडतो आणि चावतो. उपाय साधे : टँकवरची लाइट दुपारी बंद, झाकण थोडं उघडं पण वर जाळी, एअर पंप चालू, आणि बाटलीत गोठवलेलं पाणी टँकमध्ये तरंगत ठेवा. एकदम चार अंश उतरवू नका, तासाला एखादा अंश पुरे. लाइट जातेच, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच.

शेपटी परत येते?

येते! आणि ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. फिनचा बुडखा, म्हणजे शरीराला जिथून ती फुटते तो भाग शाबूत असेल तर माशांना फिन परत वाढवता येते. आधी कडेला पारदर्शक, प्लॅस्टिकसारखी पट्टी दिसते. तिला सड समजून घाबरू नका, ती नवी फिन असते. मग त्यात काड्या उमटतात, शेवटी रंग येतो.

आपल्या दुकानांत गल्लोगल्ली मिळणारा झेब्रा डॅनिओ, आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांमधला मासा, याच गुणामुळे जगभरच्या प्रयोगशाळांचा लाडका आहे. त्याची कापलेली शेपटी २८ अंशांच्या पाण्यात साधारण दोन आठवड्यांत परत येते. २००२ मध्ये तर संशोधकांनी दाखवलं की त्याच्या हृदयाचा काही भाग काढला तरी तो नव्यानं वाढतो. माणसाच्या हृदयाला हे जमत नाही. माशाला कसं जमतं, याचा शोध जगभर चालू आहे. आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही झेब्राफिशच्या हृदयावर काम चालतं.

म्हणजे जखम भरायची विद्या माशाकडे असतेच. आपलं काम एवढंच, की मध्ये लुडबुड करायची नाही.

चौकट : दुकानात जायच्या आधी

- टायगर बार्ब घ्यायचे तर आठ-दहा एकदम घ्या. टँक किमान १०० लिटरचा, आणि त्यात लांब फिन्सवाला कुणी नको.
- एंजल, गोरामी असतील तर सोबतीला चेरी बार्बसारखे शांत मासे बघा. तेही सहाच्या घोळक्यात.
- नवीन मासे दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा.
- सोडताना झाडं-दगडांची जागा बदला. जुन्यांचे ‘इलाके’ मोडतात आणि नव्याला संधी मिळते.
- बार्ब, टेट्रा यांच्या कातडीला जखम झाली की त्यातून सुटणारं रसायन बाकीच्या घोळक्याला घाबरवतं. हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये मिनो या माशात दाखवलं होतं. घोळका अचानक कोपऱ्यात गोळा झाला तर कुणाला लागलंय का ते आधी बघा.

एक विनंती

त्या तीन बार्बचं पुढे काय? सोप्पा मार्ग एका शेजाऱ्यानं सुचवला, ‘‘सिद्धेश्वर तलावात सोडून दे, पुण्य लागेल.’’ नाही लागणार! दुकानातला मासा तलावात, नदीत सोडणं म्हणजे तिथल्या माशांच्या ताटात हात घालणं. उजनीच्या कोळ्यांना विचारा. आफ्रिकेतून आलेल्या चिलापीनं तिथे कसं बस्तान बसवलंय ते सांगतील. टँकची काच साफ करायला म्हणून आणला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासाही आता त्यांच्या जाळ्यात येतो. त्याला बाजारात भाव नाही, वर काटेरी अंगानं जाळं फाटतं. आपला कंटाळा कुणाच्या तरी पोटावर येतो.

आमचे तिघं दोस्ताकडे गेले. त्याच्या चार फुटी टँकमध्ये आधीच नऊ टायगर बार्ब आहेत. पहिला दिवस थोडी धावपळ झाली. दुसऱ्या दिवशी बाबांना दाखवायला घेऊन गेलो, तर बारा जणांत आपले तीन कोणते हेच ओळखता येईना. सगळे एकाच दिशेनं, एकाच वेळी वळत होते.

‘‘गाडी भरली,’’ बाबा म्हणाले.

आणि मोठा? तिसऱ्या आठवड्यात त्याच्या शेपटीला ती पारदर्शक कड आली. सहाव्या आठवड्यात काळा पट्टा परत उमटला. खालची एक दोरी मात्र जरा वाकडीच वाढली, ती तशीच राहणार. एंजलनं एकटं राहू नये असं दोस्त म्हणतो, म्हणून येत्या रविवारी जोडीला छोटे एंजल आणायचा विचार आहे. किती, हे यावेळी मी ठरवणार नाही.

परवा रात्री उशिरा घरी आलो तर हॉलमधला दिवा बंद, फक्त टँकचा उजेड. बाबा समोर बसलेले. मोठा काचेला नाक लावून. मला वाटलं बाबा डुलकी काढतायत. जवळ गेलो तर हळू आवाजात बोलत होते.

‘‘तुझीच नाही रे, त्या पोराचीपण चूक नव्हती. त्याला माहीत नव्हतं.’’

मी चपला न वाजवता आत गेलो.